प्रा. कावसजी नायगमवाला : एका रेषेच्या कडेची गोष्ट

मृग नक्षत्र म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो, कारण सूर्य त्या नक्षत्रात येतो तो जून महिन्यात. पण मृग प्रत्यक्ष आकाशात पाहायचा तर तो हिवाळ्यातच. बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली बारीक ताऱ्यांची एक ओळ लोंबताना दिसते, आणि त्या ओळीच्या मध्यावर एक धुकट ठिपका आहे. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे. १८९० च्या आसपास पुण्यातील दोन विद्वान या मृगाकडे अगदी निरनिराळ्या कारणांनी पाहत होते. एक होते लोकमान्य टिळक. वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांना मृगाचा आधार हवा होता, आणि त्यातून १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ निघाला. तो ग्रंथ आपल्या सर्वांस ठाऊक आहे. दुसरे विद्वान कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेच्या आवारात, दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. त्या धुकट ठिपक्याच्या प्रकाशातील एका हिरवट रेषेची कड स्वच्छ आहे की पुसट, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. आधुनिक भारतातील पहिले खगोलभौतिकीविद म्हणून ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. पुण्यात मात्र ते क्वचितच निघते.

नायगमवालांचा जन्म १८५७ चा, पारशी घराण्यातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, १८७८ मध्ये ते एम. ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक भौतिकी शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहावयास आले. महाराजांनी वर्णपटशास्त्राच्या उपकरणांसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तिच्यात तेवढीच भर घातली. त्या काळचे दहा हजार रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. तरीही वेधशाळा उभारावी इतकी ती मोठी नव्हती. प्रयोगशाळेत चार लोलक आणि एक वर्णपटदर्शक आणून ठेवला असता तरी देणगीचे सार्थक झाले असेच सर्वांनी म्हटले असते. नायगमवालांच्या मनात मात्र त्याहून मोठे काही होते. १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथील ज्योतिर्विदांचा सल्ला घेऊन परतले तो वेधशाळेचाच बेत घेऊन.

त्या सल्लागारांत नॉर्मन लॉकियर हे नाव मोठे होते. सूर्यप्रकाशातील एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून हेलियम हे मूलद्रव्य सुचविणारे ते हेच लॉकियर. ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादकही तेच. परक्या देशातील एका तरुण प्राध्यापकाला असा माणूस पाठीशी असणे याचे मोल काय ते सांगावयास नको.

१८८५ मध्ये नायगमवालांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि वेधशाळाही मुंबईऐवजी पुण्यात आली. १८८८ मध्ये ती उभी राहिली व तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव मिळाले. मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील, आरशाची होती. आरसा आरंभी साडेसोळा इंची होता, पुढे वीस इंची झाला. वीस इंच म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर. आज हौशी मंडळीही यापेक्षा मोठे आरसे घासतात. पण त्या काळी आणि त्यानंतरही बरीच वर्षे हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती. काचेवर चांदीचा पातळ मुलामा दिलेला असा तो आरसा. पावसाळी हवेत चांदी काळवंडते, मुलामा पुन्हा द्यावा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याचे आकाश झाकलेलेच असते. म्हणजे खरे काम उरते ते दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे. आणि मृगासाठी तर हिवाळ्याच्या चारच महिन्यांचे.

त्या चार महिन्यांत मात्र पुण्याची बाजू वरचढ होती. मृगातील तेजोमेघ लंडनहून पाहिला तर क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो. पुण्याहून तो ६६ अंशांपर्यंत चढतो. दोन्हीकडच्या हवेच्या जाडीत किती फरक पडतो याचा विचार केला, की ज्या प्रश्नावर लंडनमध्ये खडाजंगी चालली होती त्याचा वेध पुण्यातून घेणे हा शहाणपणाचा मार्ग कसा होता ते ध्यानात येईल.

आता तो प्रश्न. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, त्यात गणित नाही. प्रकाश अरुंद फटीतून घेऊन लोलकातून नेला की त्याचे रंग सुटे होतात. तप्त विरळ वायूचा प्रकाश असा फोडला तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसत नाही, ठराविक जागी तेजस्वी रेषा दिसतात. कोणत्या जागी कोणती रेषा, यावरून तो वायू कोणता हे ओळखता येते. तेजोमेघांच्या वर्णपटात सर्वांत ठळक रेषा हिरव्या भागात येई. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी तिचा नीट मेळ बसेना. लॉकियर यांचे म्हणणे असे, की विश्वातील यच्चयावत ज्योती उल्कांच्या थव्यांपासून घडल्या आहेत आणि ही हिरवी रेषा म्हणजे उल्कांतील मॅग्नेशियमची खूण आहे. जळत्या मॅग्नेशियमच्या प्रकाशात त्याच जागेजवळ एक पट्टा दिसतो. तांबड्या बाजूस त्याची कड धारदार असते आणि निळ्या बाजूस तो विरत जातो. तेजोमेघात या पट्ट्याची फक्त धारदार कड तेवढी दिसते, असा त्यांचा दावा होता. विल्यम हगिन्स यांना तो साफ नामंजूर होता.

हा वाद रेषेच्या जागेवरून मिटवावा तर तीही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. रेषेची जागा सुमारे ५००७ अँगस्ट्रॉम, पट्ट्याच्या कडेची ५००६ च्या थोडी पुढे. फरक एका अँगस्ट्रॉमहूनही कमी. शिवाय तेजोमेघ आपल्यापासून दूर चालला असेल तर त्याची रेषा तेवढ्यानेच तांबड्या बाजूकडे सरकणार. पृथ्वीच्या स्वतःच्या गतीची भर पडते ती निराळीच. अमेरिकेतील लिक वेधशाळेत कीलर यांनी मोठ्या फैलावाचा वर्णपटदर्शक लावून ही जागेची बाजू हाती घेतली होती. नायगमवालांनी दुसरी बाजू धरली, रेषेच्या आकाराची. पट्ट्याचा अवशेष असेल तर निळ्या बाजूस तिने थोडे तरी विरत गेले पाहिजे. एकट्या वायूची रेषा असेल तर दोन्ही कडा सारख्याच स्वच्छ असल्या पाहिजेत.

येथे मापनाचा खरा पेच आहे आणि या लेखाचा सारा भर त्यावर आहे. दुर्बिणीत दिसणारी रेषा म्हणजे नुसती निसर्गाची रेषा नव्हे. ती फटीची प्रतिमा असते. फट रुंद केली की रेषा रुंद होते. फट अरुंद केली की प्रकाश इतका मंदावतो की डोळ्याला रेषाच हरवल्यासारखी वाटते. हवा थरथरत असली तर कडा हलतात. भिंग किंचित ढळले तर एक कड पुसट होते आणि नेमके त्याच बाजूला काहीतरी विरत गेल्याचा भास होतो. म्हणजे लॉकियर यांना जे हवे होते ते दिसावे म्हणून निसर्गाने काही करण्याची गरज नव्हती. उपकरणातील बारीकशी कसरही तेवढे काम करून जाऊ शकत होती. पाहणाऱ्याचे मन आधीच एका बाजूस झुकलेले असेल तर विचारूच नये.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. परिस्थिती बदलत राहायची. फट कमी-जास्त करायची, रंगांचा फैलाव वाढवून पाहायचा, पुन्हा पुन्हा पाहायचे. पुसटपणा उपकरणाचा असेल तर तो या बदलांबरोबर बदलेल. रेषेचा असेल तर कोणत्याही स्थितीत मागे उरेल. नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाची ती रेषा निरनिराळ्या फैलावांत तपासली. प्रत्येक वेळी ती बारीक आणि दोन्ही कडांनी स्वच्छ दिसली. विरत जाणे कोठेच नाही. १८९१ मध्ये हा निष्कर्ष त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे मांडला.

निष्कर्ष लॉकियर यांच्या विरुद्ध गेला. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेचा बेत आकारास आला, ज्यांच्या शब्दाला इंग्लंडात वजन होते, त्यांच्याच लाडक्या सिद्धांताचा एक खांब पुण्याच्या दुर्बिणीने हलविला. नायगमवालांचे वय तेव्हा चौतिशीच्या आसपास. वेधशाळा तीन वर्षांची. थोडीशी पुसट भाषा वापरून वेळ निभावून नेणे अगदी सोपे होते; रेषा क्वचित धूसर भासते एवढे एक वाक्य पुरले असते, आणि त्यास कोणी खोटेही म्हणू शकले नसते. ते वाक्य त्यांनी लिहिले नाही. मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, वीस इंची आरशाहूनही मोठी.

त्या हिरव्या रेषेचे पुढे काय झाले हेही सांगून टाकतो. मॅग्नेशियम गेले, पण खरा धनी सापडेना. ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पून शास्त्रज्ञांनी बराच काळ वेळ मारून नेली. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखविले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची आहे. फक्त पृथ्वीवर मिळणार नाही इतक्या विरळ अवस्थेतील. नायगमवाला तेव्हा हयात होते.

मधल्या काळात पुण्यावर वाईट दिवस आले. १८९६ च्या अखेरीस मुंबई इलाख्यात प्लेग शिरला. १८९७ च्या जूनमध्ये रँडचा वध झाला, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. अशा वातावरणात, २२ जानेवारी १८९८ रोजी, खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. त्या एका दिवशी मराठी मुलखात जगातील किती ज्योतिर्विद जमले होते हे पाहिले म्हणजे नवल वाटते. लॉकियर विजयदुर्गाच्या किल्ल्यावर होते. केंब्रिजचे न्यूअल पुलगावला होते. जॉन एव्हरशेड नावाचा एक हौशी इंग्रज निरीक्षक वऱ्हाडात तळणी येथे होता. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुणे-सोलापूर रेल्वेवरील जेऊर स्टेशनजवळ लिक वेधशाळेचे कॅम्पबेल उतरले होते, आणि तेथेच नायगमवाला आपल्या कॉलेजची तुकडी घेऊन गेले होते.

(विजयदुर्गासंबंधी एक खुलासा येथे करणे भाग आहे. किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्या’वरून लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियमचा शोध लावला असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होते. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी, याच ग्रहणासाठी. ओटा खरा आहे, साल तेवढे चुकले आहे. इतिहासातही मापनाची चूक होते ती अशी.)

जेऊरला खग्रास अवस्था टिकली सुमारे दोन मिनिटे. महिनोन्‌महिने तयारी, तंबू, पेट्या, काचा, घड्याळे, आणि हाती लागणार दोन मिनिटे! सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याच्या ऐन क्षणी त्याच्या कडेवरील वर्णावरणाचा प्रकाश एकदम चमकतो आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा क्षणभर उजळतात. त्याला क्षणदीप्त वर्णपट म्हणतात. दोन-चार सेकंदांत ते सारे संपते. चुकले तर पुढच्या ग्रहणापर्यंत थांबा. आकाश निरभ्र राहिले. नायगमवालांना वर्णावरणाच्या व प्रभामंडलाच्या वर्णपटांची छायाचित्रे मिळाली. जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून छापला गेला. डोळ्याने रेषेची कड पारखणारा निरीक्षक आता छायाचित्राच्या काचेवर काम करू लागला होता. काच डोळ्यासारखी थकत नाही, आणि तिला आधीपासून काही हवेही नसते. अर्थात तिचे स्वतःचे दोष असतातच. चांदीचे कण, डाग, कमी-जास्त काळेपणा. मापनातील गोंगाट जात नाही, फक्त रूप बदलतो.

१९०० पासून नायगमवाला अध्यापनातून मोकळे होऊन पूर्ण वेळ वेधशाळेचे संचालक झाले. याच काळात सूर्याच्या अभ्यासाला निराळे वळण लागत होते. सूर्यावरील डागांच्या प्रकाशात काही रेषा फुगलेल्या दिसतात, काही तर दुहेरी दिसतात, हे पूर्वीपासून माहीत होते. लॉकियर यांच्याकडे अशा फुगलेल्या रेषांची वर्षानुवर्षे नोंद होत असे. पण रेषा फुगते का? पुन्हा तोच पुण्याचा प्रश्न : फुगवटा उपकरणाचा की निसर्गाचा, आणि निसर्गाचा असेल तर कशाचा?

उत्तर १९०८ मध्ये अमेरिकेतून आले. बलवान चुंबकाच्या सान्निध्यात रेषा फुटते असे झीमन यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखविले होते. माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी डागाचा प्रकाश ध्रुवणाच्या उपकरणातून पाहिला. उपकरण फिरविताच दुहेरी रेषेचा कधी एक भाग मंदावे, कधी दुसरा. ही चुंबकाची सही होती. सूर्यावरचे डाग म्हणजे प्रचंड चुंबक ठरले. हेल यांचा अंदाज सुमारे २,९०० गौसचा होता. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गौसच्या आसपास असते, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे. हेल यांना डागात भोवरा फिरत असावा असे वाटत होते. तो शोधावयास कोडाईकनालच्या वेधशाळेत जो निरीक्षक बसला तो तळणीचा तोच एव्हरशेड, आता सरकारी नोकरीत आलेला. ५ जानेवारी १९०९ रोजी त्याला रेषा सरकलेल्या दिसल्या खऱ्या, पण भोवऱ्याप्रमाणे नव्हेत. डागाच्या करड्या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेने वाहत होता. हाच तो एव्हरशेड परिणाम.

या मापनात गोंगाट कसा शिरतो हे थोडे सांगितले पाहिजे, कारण नायगमवालांची शिस्त का मोलाची होती ते त्यातून अधिक कळते. ३,००० गौसच्या क्षेत्रात लोखंडाच्या सोयीच्या तांबड्या रेषेचे दोन भाग एकमेकांपासून पाव अँगस्ट्रॉमहून थोडे अधिक दूर जातात. रेषेच्या मूळ जाडीपेक्षा हे अंतर मोठे, म्हणून डागाच्या गाभ्यात फूट स्वच्छ दिसते. पण क्षेत्र शंभर गौसचे असेल तर फूट दिसतच नाही. रेषा नुसती किंचित रुंदावते. मग ध्रुवणाचा आधार घ्यावा लागतो आणि तो फार नाजूक असतो. प्रकाश कणाकणांनी येतो. दहा हजार कण मोजले तर शंभराची, म्हणजे शेकडा एक इतकी अनिश्चितता राहते. दहा लाख मोजले तर हजाराची, म्हणजे शेकडा एकदशांश. डागाचा गाभा काळा, तेथून येणारे कणच थोडे. त्यातून भोवतालच्या झगझगीत पृष्ठाचा प्रकाश हवेत आणि उपकरणात विखरून गाभ्यावर सांडतो. त्याची रेषा फुटलेली नसते, आणि तो वेगळा काढला नाही तर क्षेत्र खऱ्याहून कमी भासते.

उलट बाजूने फसगत होते ती डागाबाहेरच्या शांत भागात. मंडईतला तराजू आठवा. पारडे रिकामे असले तरी वाऱ्याने काटा थोडा इकडे, थोडा तिकडे हलतो. डावीकडचे उणे आणि उजवीकडचे अधिक धरून शंभर नोंदी केल्या तर सरासरी शून्याजवळ येईल. पण काटा कोणत्या बाजूस गेला हे न लिहिता फक्त किती हलला एवढेच लिहिले, तर रिकाम्या पारड्यातही काही माल असल्याचे वहीत निघेल. सूर्याच्या चुंबकत्वाचे असेच आहे. आपल्याकडे येणाऱ्या किंवा आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेचे क्षेत्र चिन्हासह मोजता येते; तेथे गोंगाट एकमेकांस खोडतो. दृष्टिरेषेला आडवे असलेले क्षेत्र मात्र ज्या ध्रुवणावरून काढतात त्याचे प्रमाण क्षेत्राच्या वर्गाशी असते, आणि त्याचा फक्त आकार घेतला जातो. तेथे गोंगाट कधीच वजा होत नाही. क्षेत्र नसलेल्या जागीही क्षेत्र दिसते. २०१० साली अवकाशात गेलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीच्या मापनातही सरळ दिशेची अनिश्चितता दहा गौसच्या घरात, तर आडव्या दिशेची शंभराच्या घरात असते. डागाच्या हजारो गौसपुढे शंभर म्हणजे काहीच नाही. डागाच्या कडेला मात्र तोच आकडा चित्र बदलून टाकतो.

खुद्द हेल यांनाही या गोंगाटाने चकविले. डागांवरील यशानंतर १९१३ च्या सुमारास त्यांनी संपूर्ण सूर्याचे ध्रुवांवरील क्षेत्र सुमारे ५० गौस असल्याचे जाहीर केले. त्यासाठी रेषांचे जे सरकणे मोजावयाचे होते ते अँगस्ट्रॉमच्या हजाराव्या हिश्शाएवढे. छायाचित्रांच्या काचांवर ते वर्षानुवर्षे मोजले गेले. १९५० नंतर बॅबकॉक पितापुत्रांनी विद्युत उपकरणाने पाहिले तेव्हा ते क्षेत्र एक-दोन गौसचेच निघाले. हेल यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. डागांतील त्यांचा शोध अढळ राहिला आणि ध्रुवांवरील गेला, याचे कारण एवढेच, की एका ठिकाणी रेषेची फूट गोंगाटाहून मोठी होती आणि दुसऱ्या ठिकाणी लहान.

हे सारे घडत असताना पुण्याची वेधशाळा मावळतीला लागली होती. तिचा संस्थापक, तिचा निरीक्षक आणि तिचा संचालक एकच माणूस होता, आणि त्याच्या मागे दुसरा कोणी उभा केला गेला नव्हता. सरकारला कोडाईकनालची सुसज्ज सौर वेधशाळा असताना पुण्यात दुसरी चालविण्यात रस नव्हता. हिशेबाच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दररोज जाता-येता खरीखुरी वेधशाळा दिसणे याची किंमत हिशेबाच्या कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे मात्र त्या कारकुनांना सुचले नसावे. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण व इतर साहित्य पेट्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाले. तेथे संचालकाच्या खुर्चीवर आदल्याच वर्षी एव्हरशेड आले होते. जेऊर आणि तळणी येथे एकाच दिवशी एकच सूर्य पाहणाऱ्या दोघांपैकी एकाची दुर्बीण अशी दुसऱ्याच्या दारी गेली.

तेथेही तिचे भाग्य लगेच उजळले नाही. कोडाईकनालचे काम सूर्याचे, आणि ही दुर्बीण मुख्यतः रात्रीच्या आकाशाची. कित्येक वर्षांनी ती नीट उभारली गेली. पुण्यात खगोलभौतिकीचे संशोधन पुन्हा भरभराटीस यावयास तर फारच काळ जावा लागला. आयुका १९८८ मध्ये स्थापन झाली, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिल्याला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. त्याच आयुकाच्या पुढाकाराने तयार झालेली सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल १ यानाबरोबर अवकाशात गेली.

नायगमवाला १९३८ मध्ये निवर्तले. हेल यांचेही निधन त्याच वर्षी झाले. वीस इंची दुर्बीण १९८० नंतरच्या दशकात आणखी एकदा पेट्यांत बसली आणि नव्या वेधशाळेसाठी आकाश कसे आहे ते पाहण्यासाठी लडाखात लेहला गेली. खगोलशास्त्रज्ञांत ती आजही भावनगर दुर्बीण याच नावाने ओळखली जाते.